वलंदेजांचा राजा कुठे होता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा अभ्यास करताना डच ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०२ च्या सनदेपाशी तुम्ही अडलात. इंग्रजांच्या कंपनीला १६०० मध्ये सनद दिली ती एलिझाबेथ राणीने. गोव्याचे पोर्तुगीज आपल्या राजाच्या नावाने कारभार करत. मग वलंदेजांना, म्हणजे डचांना, सनद देणारी ही ‘स्टेट्स जनरल’ कोण? यांना राजा नव्हता का? आणि नव्हता, तर एवढी जहाजे कोणाच्या हुकमाने निघत होती?

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवला आणि त्यातला बराच काळ कंपनीचे जुने डच कागद वाचण्यात घालवला. हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारते आणि दर वेळी मला मनापासून आनंद होतो. पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर १५६८ पासून सुरू होते : कॅथलिक स्पेन, प्रॉटेस्टंट डच, जुलूम, बंड, स्वातंत्र्य. हे खोटे नाही. पण तिथून सुरुवात केली की राजावाचून चालणारी ती सगळी व्यवस्था आकाशातून पडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात बंड झाले तेव्हा तिची मुळे तीनशे वर्षांपेक्षा जुनी होती. बंडात गेला तो फक्त तिच्या डोक्यावरचा धनी. म्हणून मी बराच मागून येतो, थोडा धीर धरा.

आधी नाव. आपल्या जुन्या कागदांतला ‘वलंदेज’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याचा अर्थ हॉलंडचा माणूस. पण हॉलंड हा तिथल्या अनेक प्रांतांपैकी एक. ‘डच’ हा शब्द इंग्रजांनी रूढ केला. त्याच्या मुळाशी ‘डीट्स’ म्हणजे लोकांची बोली, लॅटिन नव्हे ती, एवढाच अर्थ आहे. १३०० सालच्या माणसाला तू कोण असे विचारले असते तर तो म्हणाला असता, मी डॉर्ड्रेख्टचा, मी झेलंडचा, मी उट्रेख्टच्या बिशपचा. ‘आम्ही डच’ असे म्हणणारे कोणी नव्हते. राजकीय घडामोड समजून घेताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते, कारण पुढच्या काळातल्या लेखकांनी मागे जाऊन एक राष्ट्र शोधून काढले.

त्या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बटावियनांचे. ऱ्हाइन नदी ही रोमन साम्राज्याची सरहद्द होती आणि तिच्या मुखाच्या बेटांवर बटावी नावाची जमात राहत होती. इसवी सन ६९ मध्ये सिव्हिलिस नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याने रोमविरुद्ध बंड केले, ते पुढच्या वर्षी मिटले. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याची हकीकत लिहून ठेवली. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या डचांना ही गोष्ट हातात सापडली तेव्हा त्यांनी तिला आपल्या बंडाची पूर्वज मानले. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसने १६१० मध्ये बटावियन प्रजासत्ताकाच्या प्राचीनतेवर पुस्तकच लिहिले, रेम्ब्रांटने आम्स्टरडॅमच्या नगरभवनासाठी सिव्हिलिसच्या कटाचे चित्र काढले, आणि कंपनीने जावा बेटावरच्या आपल्या राजधानीचे नाव बटाव्हिया ठेवले. पण त्या जमातीपासून पुढच्या प्रांतांपर्यंत संस्थांचा कोणताही धागा येत नाही. मधे फ्रँक आले, सॅक्सन आले, फ्रिशियन पसरले, ८४३ च्या व्हर्डनच्या तहाने फ्रँक सम्राट शार्लमेनचे साम्राज्य वाटले गेले आणि हा पाणथळ कोपरा काही दशकांत पूर्वेकडच्या, म्हणजे जर्मन राजाच्या वाट्याला गेला. तो राजा लांब होता. इथे खरी सत्ता काउंट, ड्यूक आणि उट्रेख्टचा बिशप यांच्या हाती आली. उत्तरेच्या फ्रिसियात तर मध्ययुगाचा मोठा काळ सरंजामी धनीच नव्हता. तिथले लोक त्याला ‘फ्रिशियन स्वातंत्र्य’ म्हणत आणि आपले न्यायाधीश आपणच नेमत. १४९८ मध्ये सॅक्सनीच्या ड्यूकने ते संपवले.

आता पाणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते डच राजकारणाची पहिली शाळा ही आहे.

हॉलंड आणि उट्रेख्टची बरीचशी जमीन म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींचा स्पंजासारखा थर. साधारण हजार सालापासून काउंट आणि बिशप यांनी वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांना ठरावीक मापाच्या लांबट पट्ट्या नेमून दिल्या. चर खणा, पाणी काढा, शेती करा. जमीन कसणारा माणूस मोकळा राहिला, कुळासारखा बांधला गेला नाही. पण पीटमधले पाणी काढले की पीट खचते. दर पिढीला जमीन खाली, नदी वर. मग बांध घालावे लागले, पाणी अडवणारी दारे बसवावी लागली. एका शेतकऱ्याचा बांध फुटला तर दहा गावे बुडत. त्यामुळे गावांना एकत्र बसणे भाग पडले. कोणाच्या वाट्याला बांधाची किती लांबी, कोणी किती माती टाकायची, पाहणी कधी, हे सगळे ठरू लागले. त्यातून पाणी-मंडळे उभी राहिली. मंडळाच्या वतीने न्याय करणारे ते ‘हेमराड’, आणि प्रमुख तो ‘डाइकग्राफ’, बांधाचा अधिकारी. लायडनच्या आसपासच्या राइनलंडच्या हेमराडांचा उल्लेख काउंट दुसरा विलेम याच्या १२५५ च्या पत्रात आहे आणि ते मंडळ आजही काम करते आहे. (हाच विलेम जर्मनीचा राजा म्हणूनही निवडला गेला होता. १२५६ मध्ये तो वेस्ट फ्रिशियनांवर चालून गेला, घोड्याखालचा बर्फ फुटला आणि तो तिथेच मारला गेला.)

या मंडळांचा कायदा कडक होता. पाहणीत बांध कच्चा आढळला तर मंडळ तो दुरुस्त करून घेई आणि खर्च दंडासह त्या मालकाकडून वसूल करी. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपेना, त्याने बांधात फावडे रोवायचे आणि जमीन सोडून चालते व्हायचे. जो ते फावडे उपटेल, जमीन त्याची, आणि त्या बांधाचा भारही त्याच्याच डोक्यावर. ‘ज्याला बांध घालायचा नाही, त्याने जागा सोडावी’ ही त्यांची म्हण याच रिवाजातली.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पाण्याने डचांना लोकशाही शिकवली, असे वाक्य तुम्हाला जागोजाग वाचायला मिळेल. ते मला पटत नाही. मंडळात बसत ते जमीनदार, मठांचे प्रतिनिधी आणि पुढे मोठी शहरे. बिनजमिनीच्या मजुराला तिथे जागा नव्हती. मंडळांनी एक वेगळी सवय लावली : ज्याच्यावर खर्च पडतो त्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे, आणि ठराव एकदा झाला की काउंटच्या नातेवाइकालाही त्याची माती टाकावीच लागते. या दोन गोष्टी मनात धरा. पुढे स्पेनशी जो तंटा झाला तो याच भाषेत झाला.

खचत्या जमिनीचा दुसरा परिणाम शहरांवर झाला. ओल्या मातीत गहू नीट येईना, म्हणून लोक गाई पाळू लागले, लोणी-चीज विकू लागले, हेरिंग मासा धरू लागले, धान्य बाल्टिक समुद्राकडून आणू लागले. शेतीला माणसे कमी लागली, ती शहरांत गेली. १५१४ मध्ये कर ठरवण्यासाठी हॉलंडची जी पाहणी झाली, तिच्यावरून दिसते की जवळपास निम्मी वस्ती शहरांत होती. त्या काळच्या युरोपात हे प्रमाण विलक्षण होते.

ही शहरे काउंटकडून हक्कपत्रे घेत. डॉर्ड्रेख्टला १२२० मध्ये मिळाले, हार्लेमला १२४५, डेल्फ्टला १२४६, लायडनला १२६६. आम्स्टरडॅमचे नाव इतिहासात पहिल्यांदा येते तेच मुळी एका सवलतीच्या पत्रात : १२७५ मध्ये काउंट पाचवा फ्लोरिस याने आम्स्टेल नदीवरच्या धरणापाशी राहणाऱ्या लोकांना जकात माफ केली. ही पत्रे काउंट प्रेमापोटी देत नसे. त्याला लढाईला पैसे लागत, शहराजवळ पैसे असत. प्रत्येक देण्याबरोबर शहर एकेक हक्क लिहून घेई. आमच्या माणसाचा न्याय आमच्याच पंचांसमोर व्हावा, आमचे मंडळ आम्हीच भरावे, नवा कर आम्हाला विचारल्याशिवाय बसू नये. शहरे हे कागद जिवापाड जपत, आणि नवा धनी गादीवर आला की आधी त्याच्याकडून जुन्या हक्कांची शपथ घेववत, मग आपण इमानाची शपथ घेत. ब्राबंट प्रांतात तर १३५६ मध्ये तिथली डचेस योहाना आणि तिचा नवरा वेन्सेस्लास यांनी जी शपथ घेतली, तिच्यात स्पष्ट लिहिले होते की धन्याने करार मोडला तर तो सुधारेपर्यंत प्रजेने त्याची सेवा करण्याचे कारण नाही. ‘आनंदाचा प्रवेश’ असे त्या दस्तऐवजाचे नाव. सव्वादोनशे वर्षांनी बंडखोरांनी हाच कागद पुढे केला.

काउंट, त्याचे सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी एकत्र बसत त्या सभेला ‘स्टाटेन’ म्हणत, म्हणजे समाजाच्या दर्जेवार गटांची सभा. इंग्रजीत ती ‘स्टेट्स’ झाली. आजच्या अर्थाचे ‘राज्य’ असा तिचा अर्थ नाही, हे ध्यानात आले की तुमच्या सनदेतले अर्धे कोडे सुटते.

पुढचा टप्पा झपाट्याने सांगतो. हॉलंडमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यापासून ‘हूक’ आणि ‘कॉड’ या दोन गटांचे वैर पेटले, ते अधूनमधून शतकाहून अधिक काळ चालले. या भांडणात काउंटेस याकोबा हरली आणि १४३३ मध्ये तिने आपले प्रांत बर्गंडीच्या फिलिपकडे सोपवले. बर्गंडीचे ड्यूक लग्नाने, वारशाने, पैशाने, लढाईने एकेक प्रांत गोळा करत होते. फिलिपच्या काळात, १४६४ च्या जानेवारीत, ब्रुज शहरात वेगवेगळ्या प्रांतांच्या ‘स्टाटेन’चे प्रतिनिधी पहिल्यांदा एकत्र बसले. हीच स्टेट्स जनरल. बंडखोरांनी ती निर्माण केली नाही. प्रत्येक प्रांतात वेगळा कर मागत हिंडण्यापेक्षा सगळे एकदम भेटावेत, ही धन्याची सोय होती.

पण एकत्र बसायला शिकलेली माणसे धन्याशिवायही बसू शकतात. ५ जानेवारी १४७७ ला फिलिपचा मुलगा ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला. मागे राहिली एकोणीस वर्षांची मुलगी मेरी, आणि समोर फ्रान्सचे सैन्य. पुढच्याच महिन्यात स्टेट्स जनरलने तिच्याकडून ‘महाहक्कपत्र’ लिहून घेतले. सभा स्वतःहून भरवण्याचा हक्क, सभेच्या संमतीवाचून लढाई नाही, परक्यांना अधिकारपदे नाहीत, डच बोलणाऱ्या प्रांतांशी डचमध्येच पत्रव्यवहार, आणि वरून लादलेले मेकेलेनचे मध्यवर्ती न्यायालय बंद. पुढे मेरीचा नवरा मॅक्सिमिलियन आणि मुलगा फिलिप यांनी यातले बरेचसे गुंडाळले. १४९४ मध्ये शपथ घेताना फिलिपने १४७७ नंतरचे हक्क मानायला साफ नकार दिला. तरी कागद राहिला. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की १५८१, म्हणजे राजाला झुगारले ते वर्ष, समजून घ्यायचे असेल तर आधी १४७७ वाचा.

मेरीचा नातू म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स. त्याने उरलेले प्रांत मिळवले : फ्रिसलंड १५२४ पर्यंत, उट्रेख्ट आणि ओव्हराइसल १५२८, ग्रोनिंगन १५३६, खेल्डरलंड १५४३. १५४९ मध्ये त्याने ठरवून टाकले की हे सगळे प्रांत यापुढे एकाच वारसाकडे एकगठ्ठा जातील. ‘सतरा प्रांत’ म्हणतात ते हे. आणि आता तुमच्या प्रश्नाचा गाभा : या सतरा प्रांतांना राजा नव्हताच. चार्ल्स आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा दुसरा फिलिप हे स्पेनचे राजे होते. पण लायडनमध्ये फिलिप होता हॉलंडचा काउंट, ब्रसेल्समध्ये ब्राबंटचा ड्यूक, आणि फ्रिसलंडमध्ये नुसता ‘लॉर्ड’. प्रत्येक ठिकाणी वेगळी शपथ, वेगळे हक्कपत्र, वेगळा सौदा. धनी एक, पण नाती सतरा. प्रांतात त्याच्या जागी बसणारा तो ‘स्टॅडहाउडर’. शब्दाचा अर्थच मुळी दुसऱ्याची जागा राखणारा. मराठीत त्याला मी मुतालिक म्हणेन.

चार्ल्सच्या फ्रान्सशी झालेल्या लढायांसाठी हॉलंडच्या सभेने कर्जरोखे काढले, त्यांचे व्याज भागवण्यासाठी बिअर, वाइन, जमीन यांवर आपले कर बसवले आणि ते गोळा करणारी माणसेही आपलीच नेमली. धन्याला फक्त रक्कम मिळे. अशा रीतीने बंडाच्या कितीतरी आधी हॉलंडच्या तिजोरीची किल्ली सभेच्या कमरेला लागली होती. रोखे घेणारे बहुतेक त्याच शहरांतले सधन लोक, म्हणजे कर्ज घेणाऱ्या सभेत बसणारे आणि कर्ज देणारे एकाच घरातले. पुढे ऐंशी वर्षे स्पेनशी लढायला पैसा कुठून आला, असे विचारतात. उत्तर इथे आहे.

दुसरा फिलिप १५५९ मध्ये स्पेनला गेला तो परत आलाच नाही. धर्माचा छळ खरा होता आणि त्याने माणसे होरपळली. १५६६ च्या ऑगस्टमध्ये चर्चमधल्या मूर्ती फोडण्याची लाट उठली, आणि १५६७ मध्ये फिलिपचा सेनापती, आल्बाचा ड्यूक, सैन्य घेऊन आला. त्याच्या खास न्यायालयाने हजाराहून जास्त लोकांना मृत्युदंड दिला. ५ जून १५६८ ला ब्रसेल्सच्या चौकात एग्मोंट आणि होर्न या दोन बड्या सरदारांची डोकी उडवली, आणि हे दोघे कॅथलिकच होते. पण शहरांच्या मंडळांत बसणारे सावध, मध्यममार्गी लोक ज्या गोष्टीने हलले ती होती ‘दहावा पैसा’, मालाच्या प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कर. मालमत्तेवर एकदाच एक टक्का द्यायला प्रांत तयार झाले होते. दहाव्या पैशाला ते अडून बसले, आणि रक्कम हे त्याचे एकमेव कारण नव्हते. तो कायमचा कर होता. एकदा सुरू झाला की धन्याला सभा बोलावण्याची गरजच उरली नसती, आणि तीनशे वर्षे एकेक देण्याबरोबर मिळवलेले सगळे हक्क आपोआप वाळून गेले असते.

१ एप्रिल १५७२ ला ‘भिकारी’ म्हणवणाऱ्या समुद्री बंडखोरांनी ब्रिल हे बंदर घेतले आणि हॉलंड-झेलंडची शहरे एकापाठोपाठ एक त्यांच्या बाजूला गेली. त्या जुलैत हॉलंडची सभा डॉर्ड्रेख्टमध्ये भरली, धन्याने न बोलावता. माझ्या मते त्या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत विचार करण्याजोगी बैठक आहे. त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले नाही. देश सोडून गेलेला बंडाचा पुढारी, ऑरेंजचा विल्यम, हाच राजाचा खरा स्टॅडहाउडर आहे, असा ठराव केला आणि त्याच्या सैन्याला पैसे मंजूर केले. म्हणजे राजाच्या नावाने राजाच्या सैन्याशी लढाई. ही ढोंगबाजी होती असे मला वाटत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे करार अजून जिवंत होता आणि तो मोडणारा आल्बा होता. दोन वर्षांनी लायडनला वेढा पडला तेव्हा याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बांध स्वतःच्या हातांनी फोडले, शेते बुडवली आणि त्या पाण्यावरून तराफ्यासारखी सपाट तळाची जहाजे आणून ३ ऑक्टोबर १५७४ ला शहर सोडवले. पुढच्या फेब्रुवारीत लायडनला विद्यापीठ मिळाले. त्याची स्थापनेची सनद कोणाच्या नावाने? हॉलंडचा काउंट, राजा फिलिप याच्या.

१५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने अँटवर्प लुटले आणि चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, दक्षिण-उत्तरेच्या प्रांतांनी गेंटमध्ये समेट केला. तो टिकला नाही. २३ जानेवारी १५७९ चा उट्रेख्टचा करार उत्तरेचा म्हणून शिकवतात, पण लवकरच गेंट, ब्रुज, अँटवर्पही त्यात आली होती. आजची नेदरलंड्स-बेल्जियम सीमा भाषेने किंवा धर्माने आधीच आखलेली नव्हती. स्पॅनिश सैन्य जिथवर पोचले आणि मोठ्या नद्यांनी जिथे अडले, तिथे ती पडली. १५८५ मध्ये अँटवर्प पडले आणि तिथले व्यापारी, विणकर, भांडवल उत्तरेला गेले.

उट्रेख्टचा करार ही मुळात लष्करी युती. पहिले कलम म्हणते की प्रांत जणू एकच असल्यासारखे कायमचे जोडले जातील, आणि त्याच दमात म्हणते की प्रत्येक प्रांताचे, शहराचे जुने हक्क जसेच्या तसे राहतील. युद्ध, तह, नवा कर यांना सर्वांची संमती हवी. तेराव्या कलमात धर्मावरून कोणाचा छळ किंवा चौकशी होणार नाही, असे आहे. (ही मोकळी उपासना नव्हे. कॅथलिकांना पुढे बंद दारामागेच पूजा करावी लागली.) दोनशे वर्षे या देशाला यापेक्षा वेगळी राज्यघटना नव्हती.

मग २६ जुलै १५८१ चा त्यागाचा जाहीरनामा. प्रजा राजासाठी नसते, राजा प्रजेसाठी असतो, मेंढपाळ मेंढरांसाठी असतो तसा. त्याने हक्क तुडवले तर तो राजा नव्हे, जुलमी, आणि सभा दुसरा धनी निवडू शकते. ‘दुसरा धनी’ हे शब्द सोडून वाचू नका. प्रजासत्ताक स्थापण्यासाठी हा कागद लिहिलाच नव्हता. फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा ड्यूक, याला त्यांनी आधीच धनी म्हणून ठरवले होते, आणि एका गादीवर दोघे बसू शकत नाहीत म्हणून पहिल्याला उठवणे आले. आंजूने १५८३ मध्ये अँटवर्पवर हल्ला करून सत्ता बळकावू पाहिली, फसला आणि निघून गेला. १० जुलै १५८४ ला डेल्फ्टमध्ये विल्यमला गोळी घातली गेली. हॉलंडचे काउंटपद त्यालाच द्यावे, अशी बोलणी तेव्हा चालू होती. फ्रान्सच्या राजाने धनीपण नाकारले. एलिझाबेथनेही नाकारले, पण आपला सरदार लेस्टरचा अर्ल याला सैन्य देऊन पाठवले. तो हॉलंडच्या सभेशी भांडला आणि १५८७ च्या अखेरीस परत गेला.

लेस्टरच्या बाजूने एका इंग्रज अधिकाऱ्याने असे मांडले होते की खरे सार्वभौमत्व जनतेचे आहे, सभा नुसती चाकर. त्याला उत्तर म्हणून खाउडा शहराचा वकील फ्रान्सुआ फ्रांक याने १५८७ मध्ये एक निवेदन लिहिले : सार्वभौमत्व सरदार आणि शहरांच्या सभेचे आहे, गेली आठशे वर्षे आहे, काउंटला ते फक्त सोपवलेले होते. इतिहास म्हणून आठशे वर्षांचा दावा टिकत नाही. पण त्या क्षणाचे वर्णन म्हणून ते निवेदन बिनचूक आहे. पैसा सभेचा, सैन्य सभेचे, कायदा सभेचा. १५८८ पासून त्यांनी धनी शोधणे थांबवले. त्या वर्षी प्रजासत्ताकाची द्वाही कुठेही फिरली नाही.

यंत्रणा चालायची ती अशी. सात प्रांत : हॉलंड, झेलंड, उट्रेख्ट, खेल्डरलंड, ओव्हराइसल, फ्रिसलंड, ग्रोनिंगन. हेगमधल्या स्टेट्स जनरलमध्ये प्रत्येकाला एक मत, अध्यक्षपद दर आठवड्याला पाळीपाळीने. पण हॉलंड एकूण खर्चाचा साधारण ५८ टक्के वाटा उचलत असे, त्यामुळे त्याच्या एका मताचे वजन वेगळेच. हॉलंडच्या स्वतःच्या सभेत अठरा शहरांना प्रत्येकी एक मत आणि सगळ्या सरदारांना मिळून एक. हेगला गेलेल्या प्रतिनिधीला स्वतःच्या अकलेने मत देण्याची मुभा नव्हती. मोठ्या प्रश्नावर त्याने घरी विचारायला जायचे, शहराच्या मंडळाने ठरवायचे, मग परत यायचे. घोंगडी महिनोन्‌महिने भिजत पडत. तरी एकदा सगळ्यांनी हो म्हटले की पैसा येई, कारण देणाऱ्यांनीच ठरवलेले असे. स्टॅडहाउडर हे पदही राहिले, आता राजाऐवजी प्रांतांचा मुतालिक म्हणून. विल्यमचा मुलगा मॉरिस १५८५ मध्ये हॉलंड-झेलंडचा झाला, फ्रिसलंडने त्याचा चुलतभाऊ नेमला. हाच नोकर सेनापतीही होता आणि अनेक शहरांच्या मंडळांवरच्या नेमणुका त्याच्या हाती होत्या, म्हणून तो आणि सभा यांच्यात ठिणगी उडणारच होती. १६१९ मध्ये हॉलंडचा थोर वकील ओल्डनबार्नेफेल्ट याचे डोके त्यातच गेले.

आता तुमची सनद पाहा. १६०२ ची कंपनी याच साच्यातली. सहा शहरांच्या सहा शाखा : आम्स्टरडॅम, मिडलबर्ग (म्हणजे झेलंड), डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एंखाउझन. निम्म्याहून जास्त भांडवल आम्स्टरडॅमचे, पण सतरा संचालकांत त्याच्या जागा आठच. सतरावी जागा बाकीच्यांत फिरती. एका शहराच्या हाती बहुमत जाऊ नये, ही दक्षता पाणी-मंडळापासून चालत आली आहे. आणि कंपनीला किल्ले बांधण्याचा, तह करण्याचा अधिकार स्टेट्स जनरलने दिला, कारण फिलिपचे सार्वभौमत्व तिच्याकडे आले होते.

कोकणाशी हा धागा थेट येऊन मिळतो. १५८० मध्ये फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला, त्यामुळे गोवा हे डचांच्या दृष्टीने त्याच शत्रूचे ठाणे बनले. १६३६ पासून त्यांची जहाजे दर हंगामात मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करू लागली आणि तिला रसद मिळावी म्हणून विजापूरच्या परवानगीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार आली. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनची सत्ता झुगारली, तरी नाकेबंदी आणखी काही वर्षे चालली, कारण तोवर मसाल्याचा हिशेब वेगळा झाला होता.

कागद वाचताना एक खबरदारी घ्या. आशियातल्या दरबारांना राजा नसलेला देश समजावणे कठीण, म्हणून डच लोक मॉरिसला पुढे करत. १६०२ मध्ये सुमात्रातल्या आचेहच्या सुलतानाचे वकील त्याला भेटायला गेले, तेव्हा तो ग्रेव्ह शहराच्या वेढ्याच्या छावणीत होता. त्यांच्यातला प्रमुख अब्दुल हमीद मिडलबर्गमध्ये वारला आणि तिथेच त्याला पुरले. अशा पत्रव्यवहारात ‘हॉलंडचा राजा’ दिसला तर तो स्टॅडहाउडर समजा, आणि ‘प्रिन्स’ आला तरी तोच. ‘होख मोखंडे हेरन’, अति-सामर्थ्यवान महाशय, असे संबोधन आले तर ती स्टेट्स जनरल. ‘एडेले ग्रोट मोखंडे’ असेल तर फक्त हॉलंडची सभा. आणि नुसते ‘हेरन सेव्हेन्टीन’ असेल तर कंपनीचे ते सतरा संचालक. वेंगुर्ल्याचे व्यापारी पगार, कापड आणि मिरीचे हिशेब शेवटी पाठवत ते यांनाच.